हाताला बोट मिळालं, पण पायाचं काय?

एका आईने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: "मुलगी अडीच वर्षांची आहे. डाव्या हाताला जन्मापासून फक्त अंगठा आहे, बाकी चार बोटांच्या जागी मांसाच्या छोट्या गाठी. डॉक्टरांनी पायाच्या अंगठ्याशेजारचं बोट काढून हाताला लावायचं सुचवलं आहे. हाताबद्दल त्यांनी तासभर समजावलं. पायाचं विचारलं तर 'पायाला काही होत नाही' एवढंच उत्तर मिळालं. सासूबाई म्हणतात, हात अधू आहे म्हणून धडका पाय कशाला अधू करायचा? मला त्यांचंही पटतं. खरं काय आहे?"

मी प्लास्टिक सर्जन आहे आणि गेली बरीच वर्षं मुख्यतः हातांच्याच शस्त्रक्रिया करते. आधी एक गोष्ट सांगते. तुमच्या सासूबाईंचा प्रश्न अडाणीपणाचा नाही. या शस्त्रक्रियेबद्दल सर्वात आधी विचारायला हवा असा तोच प्रश्न आहे, आणि 'काही होत नाही' हे त्याचं उत्तर नव्हे. एका पायाचं एकच दुसरं, म्हणजे अंगठ्याशेजारचं, बोट नीट काढलं आणि पाय नीट शिवला, तर मूल चालतं, पळतं, लंगडी घालतं, दोरीवरच्या उड्या मारतं. ही भीती बहुतेक मुलांच्या बाबतीत खरी ठरत नाही. त्रास होतो तो दुसऱ्याच ठिकाणी: जखम भरण्यात, व्रणात, चपलेत, आणि पुढे बारा-तेराव्या वर्षी आरशात.

ऑपरेशनच्या दिवशी काय चित्र असतं ते सांगते. सहा, आठ, कधी दहा तास चालणारं काम. हाताला लावलेलं बोट गुलाबी झालं की सगळ्या टीमचा जीव भांड्यात पडतो. पुढचे पाच दिवस त्या बोटाकडे दर तासाला कोणी ना कोणी बघतं: रंग, ऊब, दाबल्यावर रक्त किती लवकर परततं. राउंडला आलेला प्रत्येक जण आधी हात बघतो. पाय मात्र प्लास्टरमध्ये, उशीवर, चादरीखाली. त्याच्याकडे कोणी बघत नाही, कारण तो 'देणारा' आहे, त्याचं काम संपलं. पायाच्या निम्म्या तक्रारी या दुर्लक्षातून जन्मतात असं माझं मत आहे.

आता दुसरंच बोट का? उभं राहिल्यावर आपला भार टाचेवर आणि चवड्यावर पडतो, आणि पाऊल उचलताना शेवटचा रेटा अंगठा देतो. दुसऱ्या बोटाचा या रेट्यात वाटा लहान आहे. या शस्त्रक्रियेच्या इतिहासातही हे दिसतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ऑस्ट्रियाचे सर्जन निकोलाडोनी यांनी रुग्णाचा हात कित्येक दिवस पायाला बांधून ठेवून पायाचं बोट हाताला जोडलं होतं. सूक्ष्मदर्शकाखाली रक्तवाहिन्या जोडून थेट बोट हलवण्याचं काम १९६६ साली शांघायमध्ये झालं, ते दुसऱ्या बोटाचं. १९६८ साली इंग्लंडमध्ये कॉबेट यांनी पायाचा अंगठा हलवला. अंगठा दिसायला भारी, ताकदही जास्त. पण पायाला त्याची किंमत मोजावी लागते. म्हणून मोठ्या माणसाचा अंगठा घ्यायची वेळ आली तरी त्याच्या बुडाचं थोडं हाड आणि चवड्याचा भाग पायातच ठेवण्याकडे सर्जनचा कल असतो. जन्मतः हात अपुरा असलेल्या लहान मुलांमध्ये तर बहुतेक ठिकाणी दुसरं बोटच घेतात.

परिस्थितीवर अवलंबून असलेल्या गोष्टी बऱ्याच आहेत. पहिली, किती बोटं घेणार? तुमच्या मुलीला अंगठा आहे, त्याच्यासमोर चिमटीसाठी एक बोट पुरेल की दोन लागतील, हे हात बघूनच ठरेल. दोन लागली तर मी एका पायाचं एक आणि दुसऱ्याचं एक घेते. एकाच पायाची शेजारची दोन बोटं काढली की चवडा अरुंद होतो, मधे खोल फट पडते, आणि तो पाय तेवढ्या सहजपणे माफ करत नाही. दोन्ही पायांना व्रण येतात हे खरं, पण दोन लहान तोटे एका मोठ्या तोट्यापेक्षा बरे.

दुसरी, मुळात कोणतं ऑपरेशन सुचवलं आहे? पालक इथे नेहमी गोंधळतात. एक प्रकार म्हणजे अख्खं बोट, त्याच्या रक्तवाहिन्या, नसा, शिरा (म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्या) यांच्यासकट. दुसरा प्रकार म्हणजे पायाच्या तिसऱ्या किंवा चौथ्या बोटातलं फक्त हाडाचं पेर काढून हातावरच्या त्या गाठीत सरकवणं. यात रक्तवाहिन्या जोडत नाहीत, काम तासा-दोन तासाचं, पायावर छोटा चीर. त्यामुळे 'हे किरकोळ' असं सांगितलं जातं. पाय मात्र उलटीच गोष्ट सांगतो. पेर काढलेलं बोट आतून पोकळ होतं. सुरुवातीला ते फक्त मऊ लागतं. पण मूल वाढतं, पाय वाढतो, आणि ते बोट मागेच राहतं, आखडतं, शेजारच्या बोटांवर चढून बसतं. पेर काढल्यावर उरलेले स्नायुबंध एकमेकांना शिवून घेतले, कधी कमरेच्या हाडाचा तुकडा त्या जागी ठेवला, तर हे कमी होतं. पूर्ण थांबतं असं मी म्हणणार नाही. हे पेर हातात वाढावं यासाठी साधारण दीड वर्षाच्या आत लावणं बरं. तुमची मुलगी अडीच वर्षांची आहे, म्हणजे तुम्हाला अख्ख्या बोटाचंच सुचवलं असणार. तरीही नेमकं विचारून घ्या.

तिसरी, तिचा हात असा का आहे? तुमच्या वर्णनावरून हा सिंब्रॅकिडॅक्टिली (हाताची बोटं जन्मतः आखूड किंवा अपुरी असणं) नावाचा प्रकार वाटतो. त्यात पाय सहसा धडधाकट असतात. त्याच बाजूच्या छातीचा स्नायू कधी कधी नसतो, तो डॉक्टरांनी तपासला असेलच. पण काही मुलांची बोटं गर्भात पडद्याच्या धाग्यांनी आवळली जाऊन गळलेली असतात. अशा मुलांच्या पायाच्या बोटांनाही बरेचदा तसेच करकोचे असतात, कधी पाऊलच वाकडं असतं. तिथे आधीच अपुऱ्या पायातून बोट काढायचा हिशेब पूर्ण वेगळा होतो. (आणि हो, ग्रहणात भाजी चिरल्यामुळे यातलं काहीही होत नाही. दर महिन्याला एका तरी आईला मला हे सांगावं लागतं, म्हणून इथेही सांगून टाकते.)

आता मुख्य मुद्दा: पाय शिवतात कसा. दुसरं बोट काढल्यावर अंगठा आणि तिसरं बोट यांच्यामधे खिंडार उरतं. ते तसंच ठेवून वरून नुसती कातडी ओढली तर ती ताणली जाते आणि जखम उघडते. म्हणून त्या बोटामागचं चवड्यातलं लांब हाड बरंचसं काढतात, त्याचं बूड मात्र ठेवतात, कारण ते पायाच्या कमानीच्या मधोमध पाचरीसारखं बसलेलं असतं. मग पहिलं आणि तिसरं हाड जवळ आणून त्यांच्यामधला बंध शिवतात. हे मनापासून केलं की पाय चार बोटांचा, किंचित अरुंद आणि एकसंध दिसतो. अनोळखी माणसाला मोजल्याशिवाय कळत नाही. मी माझ्या शिकाऊ डॉक्टरांना सांगते, कातडी कमी पडली तर कलम, म्हणजे दुसरीकडून आणलेला कातडीचा तुकडा, हातावर लावा, पायावर नको. हातावर कलम टिकतं. पायाच्या वरच्या बाजूला शिरांवर लावलेलं कलम अर्धवट धरतं, महिनाभर ओलं राहतं, आणि पुढे आयुष्यभर बुटाला घासतं. बोटाबरोबर पायावरची भरपूर कातडी उचलून आणायचा मोह आवरणं हे या ऑपरेशनमधलं एक कौशल्यच आहे.

रक्तवाहिनी कुठून जाते यावरही बरंच ठरतं. अंगठा आणि दुसऱ्या बोटाच्या मधल्या खाचेतली धमनी काहींच्यात वर, कातडीखालीच असते. काहींच्यात ती स्नायूंच्या आत किंवा तळव्याच्या बाजूने धावते. खोल असली की जास्त खणावं लागतं, सूज जास्त येते, तळव्याकडे चीर न्यावा लागतो. तळव्यावरचा व्रण भार पडतो त्या जागेवर आला तर वर्षानुवर्षं टोचतो, म्हणून तो आडवाटेने न्यावा लागतो. बोट किती चांगलं बसेल हे आधी सांगता येतं, पण धमनी कुठे आहे हे बऱ्याचदा चीर दिल्यावरच कळतं. त्यामुळे 'पायाला नक्की किती त्रास?' याचं तंतोतंत उत्तर कोणी देत असेल तर थोडं सावध राहा.

एक माझीच चूक सांगते. सुरुवातीच्या वर्षांत साडेतीन वर्षांच्या एका मुलाचं ऑपरेशन केलं. हातावरचं बोट सुंदर धरलं. रात्रीचे अकरा वाजले होते, सगळे थकले होते, आणि पाय मी घाईत शिवला. टाके थोडे ताणात होते, ते मला तेव्हाही दिसत होतं. वरून प्लास्टर घातलं आणि आठ दिवस हात बघत बसले. नवव्या दिवशी त्याची आजी म्हणाली, "डॉक्टर, पोराच्या पायाला वास येतोय." प्लास्टर काढलं तर जखमेची कड काळी पडलेली, आत रक्त साचून कुजलेलं. त्याचा हात दीड महिन्यात खेळायला लागला. पायाला अडीच महिने ड्रेसिंग करावं लागलं. व्रण अजून जाड आहे. तेव्हापासून आमच्याकडे पाय शिवायला ताजातवाना माणूस उभा राहतो, आत रक्त साचू नये म्हणून नळी ठेवतो आणि तिसऱ्या दिवशी प्लास्टरची खिडकी उघडून पाय बघतो.

घरी गेल्यावरचे सहा आठवडे तुमच्या हातात आहेत. दोन-तीन आठवडे त्या पायावर अजिबात भार नको. अडीच वर्षांच्या मुलीला हे सांगून उपयोग नाही, तिला कडेवरच ठेवावं लागतं. झोपताना पाय उशीवर, छातीपेक्षा उंच. टाके आणि जखम ठीक असतील तर मग टाचेवर, आणि महिना-दीड महिन्याने पूर्ण पावलावर. जखमेवर हळद, कोरफड, गावाकडचा लेप, काहीही नको; मायेने लावलेल्या हळदीखाली पू झालेला मी पाहिला आहे. ताप आला, प्लास्टरला वास आला, पट्टीवर ताजं रक्त दिसलं किंवा तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढलं, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. आणि घरात कोणी विडी-सिगारेट ओढत असेल तर ती या काळात पूर्ण बंद. त्या धुराने बारीक रक्तवाहिन्या आकसतात. हातातलं नवं बोट आणि पायाची जखम, दोघांनाही ते नडतं.

जखम पक्की भरली की व्रणावर रोज दोन वेळा पाच-पाच मिनिटं तेलाने किंवा व्हॅसलिनने मालिश, आणि सिलिकॉनची पट्टी. आपल्याकडच्या कातडीला व्रण जाड होण्याची खोड आहे, आणि पावलाच्या वरच्या बाजूला तर जास्तच. तिथे बारीक नसाही कापल्या जातात, म्हणून व्रणाच्या आजूबाजूला काही महिने बधिरपणा असतो. कधी एखाद्या ठिकाणी स्पर्श झाला की झिणझिणी येते. बहुतेकांची जाते. एखाद्याच्या नसेच्या टोकाला गाठ होऊन ती कायमची टोचते, तेव्हा ती काढावी लागते. थंडीत पाय गार पडणं, निळसर दिसणं ही तक्रार थंड देशांत राहणाऱ्यांकडून जास्त ऐकू येते. आपल्याकडे एक मोजा पुरतो.

आपल्याकडची खरी अडचण वेगळी आहे, आणि परदेशी पुस्तकांत ती सापडत नाही. आपली पोरं अनवाणी आणि चपलेत वाढतात. स्लिपरचा पट्टा अंगठा आणि दुसऱ्या बोटाच्या बेचक्यातून जातो, कोल्हापुरीची अंगठीही तिथेच. ऑपरेशननंतर व्रण नेमका त्याच बेचक्यात असतो. पहिलं वर्ष मी पट्टा बेचक्यात जाणारी कोणतीही चप्पल घालू देत नाही, मागे पट्टा असलेला मऊ सँडल घ्यायला सांगते. दुसरं म्हणजे पावसाळा. नवं बेचकं खोल आणि घट्ट असतं, तिथे पाणी राहतं आणि चिखल्या होतात. शाळेतून आल्यावर पाय धुऊन बोटांच्या मधे कोरडं पुसायचं, ही सवय आत्तापासून लावा. कोकणातल्या एका मुलाला चार पावसाळे सलग चिखल्यांनी छळलं; मलमांनी जे झालं नाही ते त्याच्या आजोबांनी रोज रात्री सुती कापडाची वळी बेचक्यात ठेवून केलं.

वाढत्या वयात आणखी एक बघायचं. मधला शेजारी गेल्यामुळे अंगठा हळूहळू तिसऱ्या बोटाकडे कलू शकतो. म्हणून पाय वर्षातून एकदा उभं करून बघावा, गरज पडली तर उभ्याने एक्स-रे. चवड्याखाली एकाच जागी घट्टा किंवा कुरूप येत असेल तर भार तिथे जास्त पडतोय असं समजायचं. बुटात मऊ तळ घालून बहुतेक वेळा भागतं.

आता ओपीडीत सगळ्यात दबक्या आवाजात विचारला जाणारा प्रश्न. मुलगी असली की आजी हमखास विचारते, "मग लग्नात जोडवी कुठे घालायची?" आधी मला याचं हसू यायचं, आता येत नाही. तिसरं बोट आता अंगठ्याचं शेजारी आहे, जोडवं तिथे बसतं. ऑपरेशन झालेल्या माझ्या एका पेशंटने लग्नानंतर फोटो पाठवला होता; कोणत्या पायाचं बोट नाही हे मला झूम करून शोधावं लागलं. पण आजीच्या प्रश्नामागची भीती खरी आहे: पोरीचा पाय लोक बघतील. लहानपणी मुलं बिनधास्त असतात. एक मुलगा वर्गात अभिमानाने सांगायचा, "माझं पायाचं बोट हातात राहायला गेलंय." तोच मुलगा तेराव्या वर्षी पोहायला जाताना मोजे काढेना. हाताकडे सगळ्यांची नजर आधीपासून होती, तिची त्याला सवय होती. पाय मात्र आपण नव्याने दाखवायला लावला. त्या वयात एकदा बोलायला, गरज असेल तर व्रण सुधारायला परत यायचं, हे पालकांना मी पहिल्याच भेटीत सांगून ठेवते.

राहिला प्रश्न करावं की नाही याचा. तिचा दुसरा हात पूर्ण आहे. अशी मुलं ऑपरेशन न करताही जवळजवळ सगळं शिकतात, आणि 'नको' हाही सन्मानाने घेता येणारा निर्णय आहे. बोट लावलं तर अनुभवी केंद्रांत शंभरातली ९५हून अधिक बोटं जगतात, वाढतात, त्यांना हळूहळू जाणीव येते. वाकणं मात्र या प्रकारच्या हातात बेताचंच असतं, कारण मनगटाकडच्या शिरा आणि स्नायूही अपुरे असतात. म्हणजे मिळणार आहे ती अंगठ्यासमोर एक पक्की, संवेदना असलेली चिमटी. त्या चिमटीने बाटलीचं झाकण, बटण, ताट धरणं सोपं होणार असेल तर माझ्या तराजूत पायाचा एक व्रण हलका ठरतो. नुसतं 'हाताला बोट दिसावं' म्हणून करायचं असेल तर मी पालकांना घरी पाठवते, वर्षभराने या म्हणते.

डॉक्टरांना पुन्हा भेटाल तेव्हा हाताचं कमी, पायाचं जास्त विचारा. कोणत्या पायाचं, का? पाय कोण शिवणार? कलम लागलं तर कुठे लावणार? प्लास्टर पहिल्यांदा कधी उघडणार? आधी केलेल्या एखाद्या मुलाच्या पायाचा, हाताचा नव्हे, चार-पाच वर्षांनंतरचा फोटो दाखवाल का? जे ही कामं नियमित करतात त्यांना या प्रश्नांचा राग येत नाही. आणि जाताना तिची रोज वापरलेली, झिजलेली चप्पल पिशवीत घालून न्या. ती पाऊल कुठे टाकते, चवड्याचा भार कुठे देते, हे त्या तळव्यावर उमटलेलं असतं. वर्षभराने झिजलेली दुसरी चप्पल शेजारी ठेवून बघता येईल.